जिप्सी ते जिप्सी: जेआरडी टाटा, विमानाचं इंजिन आणि ऑइलचा प्रश्न

माझ्या आतेभावाचं तलासरीला हायवेलगत गॅरेज आहे. मागच्या दिवाळीत आत्याकडे फराळाला गेलो, तर दादा मला हाताला धरून शेडच्या मागे घेऊन गेला आणि ताडपत्री बाजूला केली. खाली अँगलचा स्टँड, त्यावर मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन, आणि इंजिनाच्या तोंडाला लाकडी प्रोपेलर. दादाला विमान बनवायचंय. पंख अजून कागदावरच आहेत, पण इंजिन फिरतं.

त्याने मला एकच प्रश्न विचारला. यात ऑइल कुठलं घालू?

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. डिग्री कॉम्प्युटरची. पण आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, त्याला मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत सगळं यायलाच हवं. बघून सांगतो म्हटलं आणि डहाणूला घरी येऊन मोबाइलवर शोधत बसलो. शोधता शोधता जाऊन पोहोचलो ते जेआरडी टाटांपर्यंत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना जेआरडी म्हणजे एअर इंडिया आणि भारतरत्न एवढंच माहीत असेल. मलाही तेवढंच माहीत होतं. पण या माणसाचं आयुष्य इंजिनांच्या बाजूने वाचलं, तर दादाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच सापडतं.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई मूळ नवसारीचे, म्हणजे आपल्या डहाणूहून रेल्वेने वर जाताना सुरतेच्या अलीकडे लागतं ते. आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी आर्डलो नावाचं गाव आहे, तिथे टाटांचं सुट्टीतलं घर होतं, आणि शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ. २५ जुलै १९०९ रोजी विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा तो हाच. ब्लेरिओचा वैमानिक पेगू आर्डलोच्या वाळूवर विमान उतरवायचा आणि लहानगा जहांगीर ते बघत उभा राहायचा. पंधराव्या वर्षी तिथेच त्याला विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि वैमानिकच व्हायचं हे डोक्यात बसलं ते बसलंच.

इथे थोडं थांबू. ब्लेरिओने खाडी ओलांडली ती आंझानी कंपनीच्या इंजिनावर. तीन सिलिंडर, जेमतेम २५ अश्वशक्ती. आणि हा आंझानी मूळचा मोटरसायकलवाला! म्हणजे रस्त्यावरचं इंजिन विमानाला लावायचा उद्योग विमानाइतकाच जुना आहे; दादाने काही नवीन वेडेपणा केलेला नाही. या इंजिनाच्या सिलिंडरला खालच्या बाजूला भोकं असायची. त्यातून धुरासोबत तेलही बाहेर उडायचं आणि वैमानिक उतरेपर्यंत तेलाने माखलेला असायचा.

त्या काळात विमानाच्या इंजिनात सर्रास काय घालत माहितीये? एरंडेल. हो, आपल्या आज्जीच्या कपाटातलं. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जायचं. तिथे साधं खनिज तेल असेल तर पेट्रोल ते धुऊन नेतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि तापलेल्या धातूला चिकटून राहतं, म्हणून ते चालायचं. वापरलेलं तेल परत फिरायचं नाही, थेट बाहेर फेकलं जायचं आणि बराचसा फवारा वैमानिकाच्या नाकातोंडात. पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको. कॅस्ट्रॉल हे ब्रँडचं नावसुद्धा कॅस्टरवरून, म्हणजे एरंडेलावरूनच आलंय. पण एरंडेलाचा चिकट राळेसारखा थर जमतो, सारखं इंजिन खोलून साफ करावं लागतं. चांगली खनिज तेलं आल्यावर ते मागे पडलं.

जेआरडींना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं. वडिलांनी १९२५ मध्ये मुंबईला बोलावून घेतलं आणि डिसेंबरात टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवारी सुरू झाली. पुढच्याच वर्षी वडील गेले. आई त्याआधीच, १९२३ मध्ये गेली होती. डिग्री राहिली ती कायमचीच, आणि त्याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. हे वाचताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं. माझ्याकडे डिग्री आहे आणि मी व्हिस्कॉसिटी म्हणजे काय हे गेल्या दिवाळीत शिकलो.

१९२९ च्या सुरुवातीला मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी तिकडे धावले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला पहिला, त्यावर क्रमांक १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं. आणि एक जिप्सी मॉथ विमान घेतलं.

मॉथ म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीची छोटी विमानं. त्यांच्या इंजिनाचं नाव जिप्सी. आमच्या दादाच्या मारुती जिप्सीशी काही नातं नाही, पण नाव जुळल्यावर मला फार मजा वाटली. पहिलं जिप्सी इंजिन चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, शंभरेक अश्वशक्तीचं. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण आठ. एक प्लग गेला तरी दुसरा ठिणगी देतो. वर आकाशात गाडी बाजूला घ्यायची सोय नसते.

या प्लगांवरूनच जेआरडींच्या आयुष्यातला सगळ्यात छान प्रसंग घडला. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने सहा आठवड्यांच्या आत उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. तिकडून अॅस्पी इंजिनिअर नावाचा एक कोवळा पोरगा भारताकडे निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अॅस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याकडचे प्लग संपले होते. त्या काळच्या इंजिनांत तेल पिस्टनच्या कडेने वर चढायचं, प्लगवर काजळी धरायची आणि ठिणगी मरायची, त्यामुळे जादा प्लग बाळगल्याशिवाय लांबचा पल्ला गाठणं अवघड होतं. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले. प्रतिस्पर्ध्याला! अॅस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. आणि अॅस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचला, बक्षीस घेऊन गेला. या यशामुळे त्याला हवाई दलाची वाट सोपी झाली याचाच जेआरडींना आनंद वाटत राहिला. तोच पोरगा १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता येतो १९३२ चा मुख्य प्रसंग. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक टपालाच्या विमानसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे आला होता. लंडनहून टपाल विमानाने कराचीपर्यंत यायचं, पुढे रेल्वेने रखडायचं. हे टपाल कराची-अहमदाबाद-मुंबई-बेल्लारी-मद्रास असं उडवत न्यायचं. टाटा सन्सने दोन लाख रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी एकटेच एका पस मॉथमध्ये सुमारे २५ किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे ओतून टाकी भरली आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले. पुढचा टप्पा व्हिन्सेंटने उडवला.

मी मोबाइलवर नकाशा उघडून अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ ओढली. ती रेघ डहाणू आणि तलासरीच्या मधून जाते! म्हणजे आत्याचं घर उजवीकडे असेल तर आमची चिकूची वाडी डावीकडे, असं काहीतरी. (दक्षिणेकडे तोंड करून उलट. माझं दिशांचं गणित कच्चंच आहे.) डहाणूहून जुहू हवेतून शंभर किलोमीटरच्या आतच आहे आणि पस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दुपारी सव्वाच्या सुमारास ते आमच्या अंगावरून गेले असणार. इथल्या इराणी आणि पारशी बागायतदारांच्या वाड्यांत त्या वेळी कोणी मान वर करून बघितलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि त्या वेळी विमानाच्या नाकात काय चाललं होतं ते बघा. पस मॉथचं इंजिन उलटं बसवलेलं असायचं: क्रँकशाफ्ट वर, सिलिंडरची डोकी खाली. का? समोरचं नीट दिसावं आणि प्रोपेलर जमिनीपासून उंच राहावा म्हणून. पण मग तेल खाली सिलिंडरमध्ये झिरपतं. म्हणून तेलाची टाकी वेगळी, पंप तेल इंजिनात ढकलतो आणि दुसरा पंप ओढून परत टाकीत नेतो. याला ड्राय संप म्हणतात. आपल्या गाड्यांत तेल इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्येच साठतं, तो वेट संप. उलटं इंजिन रात्रभर उभं राहिलं की सिलिंडरमध्ये तेल साचतं आणि तेल काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे सुरू करायच्या आधी प्रोपेलर हाताने हळूच फिरवून बघावा लागतो. घाई केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी इंजिनं तासाला अर्धा लिटर तेल पिऊन टाकत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. उड्डाणाआधी पेट्रोलइतकंच तेलही मोजून घ्यायचं. बाईकची डिपस्टिक वर्षातून एकदाच, तीही मेकॅनिकने काढलेली बघणाऱ्यांनी (मी धरून) हे वाक्य परत वाचावं.

जुहूची पट्टी म्हणजे भरतीच्या पातळीला टेकलेली जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला. तरीही पहिल्या वर्षी साठ हजार रुपये नफा झाला. पुढे टाटा एअरलाइन्सची १९४६ मध्ये एअर-इंडिया झाली, ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस विमान मुंबईहून लंडनला निघालं, १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, जेआरडी अध्यक्ष राहिले आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून काढलं. या दरम्यान टाटा उद्योगसमूह चालवणं, टीआयएफआर, टाटा मेमोरियल हॉस्पिटल हे सगळं आहेच, पण त्यावर खूप लिहिलं गेलंय. मला थेट १९८२ ला यायचंय.

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी तेव्हा ७८ वर्षांचे. त्यांनी तोच कराची-अहमदाबाद-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला, लेपर्ड मॉथमध्ये. लेपर्ड मॉथ हे १९३३ साली आलेलं मॉडेल, जिप्सी मेजर इंजिनाचं. तेही उलटं बसवलेलंच. १९६२ मध्ये तीस वर्षं झाली तेव्हाही ते असेच उडाले होते. पण ७८ व्या वर्षी, एकाच इंजिनावर, खाली कच्छचं रण आणि खंबातच्या आखाताची दलदल! परत तीच रेघ. परत आमचं गाव.

आणि इथेच दादाच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. जिप्सी मेजर ६.१ लिटरचं आहे आणि देतं १३० अश्वशक्ती, तीही मिनिटाला साधारण २३५० फेऱ्यांवर. मारुती जिप्सीचं नंतरचं इंजेक्शनवालं इंजिन १.३ लिटरचं, ८० अश्वशक्ती, पण सहा हजार फेऱ्यांवर. जुनं इंजिन ऐसपैस, सैल आणि मंद. धातूंमधल्या फटी मोठ्या, म्हणून त्याला जाड, एकाच ग्रेडचं तेल लागतं. विमानाच्या तेलावर डब्ल्यू १०० लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपल्या गाड्यांच्या भाषेत एसएई ५०. आकडा दुप्पट करून लिहायची पद्धत आहे, आणि हा डब्ल्यू थंडीचा नाही. आपल्या डब्यावर २०डब्ल्यू-५० असतं त्यातला डब्ल्यू मात्र विंटरचा: थंडीत २० सारखं पातळ, तापल्यावर ५० सारखं जाड. डहाणूला कडाक्याची थंडी नसतेच, त्यामुळे आपल्याला पहिल्या आकड्यापेक्षा दुसऱ्याची काळजी जास्त.

दादाचा विचार असा होता की विमान आहे, तर विमानाचं महागडं तेल घालू. नको. विमानाच्या तेलात गाडीच्या तेलात असतात तशी धातूयुक्त डिटर्जंट नसतात, कारण जळल्यावर त्यांची राख होते आणि हवेने थंड होणाऱ्या तापट सिलिंडरमध्ये ती राख ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकते. मारुतीचं इंजिन पाण्याने थंड होतं, फटी बारीक आहेत, आणि ते गाडीच्या तेलातल्या रसायनांवर बेतलेलं आहे. त्याला गाडीचंच चांगलं तेल हवं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपासून सुरुवात करून. फक्त मायलेज वाढवणारी हल्लीची अति पातळ तेलं टाळायची. कारण हायवेवर ८० ने जाणारी गाडी इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरते. विमान मात्र तासन्‌तास ६५ ते ७५ टक्क्यांवर चालतं. हा म्हणजे न संपणारा कसारा घाट. तेल तापतं, पातळ होतं, बेअरिंगमधला थर फाटतो.

अजून दोन गोष्टी. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. गाडीचं इंजिन त्यावर चालवलं तर शिशाचा गाळ तेलात उतरतो, आणि पूर्ण सिंथेटिक तेलाला तो गाळ नीट धरून ठेवता येत नाही. दादा पंपावरचं साधं पेट्रोल वापरतोय, तेव्हा तो प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे प्रोपेलर सहा हजारांवर फिरवता येत नाही, पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाकडे जायला लागतात. म्हणून मध्ये वेग कमी करणारी जोडणी लागते. तिथे गिअर असतील आणि तेल इंजिनाशी सामायिक असेल तर गिअरचा दाब सोसणारं तेल हवं, जसं बाईकला लागतं. दादाने दातेरी बेल्ट लावलाय. त्याला तेल लागतच नाही.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं आणि सोबत हेही लिहिलं की स्टँडवर फिरवणं वेगळं आणि उडणं वेगळं, त्याला डीजीसीएची परवानगी लागते. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नुसत्या नोंदणीसाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं, २०१७ मध्ये ती मिळाली. दादाने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही, आणि खरं सांगायचं तर रात्री झोपताना तोच डोळ्यासमोर येतो. आत्याला एकच मुलगा आहे.

जानेवारीत मी पुन्हा गेलो. तोपर्यंत स्टँडवर दहा तास झाले होते. आम्ही तेल काढलं, फिल्टर हॅकसॉने कापला आणि आतला कागद पांढऱ्या परातीत पसरून उन्हात धरला. बारीक चमक दिसली. लोहचुंबक फिरवला, चिकटली नाही. म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचा मऊ धातू. दादा काही न बोलता बराच वेळ परातीकडे बघत बसला. मग त्याने वही काढली. तेलाचं तापमान शेवटच्या दोन तासांत १३० च्या वर गेलेलं त्यानेच लिहून ठेवलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं. तेल चांगलंच होतं. ऑइल कूलर नव्हता. गाडीत पुढून वारा चेंबरवर येतो, इथे स्टँडवर प्रोपेलरचा वारा चेंबरला चुकवून जात होता.

जेआरडी २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात गेले, ८९ व्या वर्षी. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना पुरलंय. दादाच्या शेडमध्ये आता भिंतीवर त्यांचा लेपर्ड मॉथसोबतचा फोटो आहे, मीच प्रिंट काढून दिला.

इंजिन सध्या उघडून ठेवलंय. नवीन बेअरिंगचा सेट वापीहून आलाय, ऑइल कूलर एका भंगारातल्या गाडीचा मिळालाय, त्याची नळी लांबीला कमी पडतेय. पावसाळ्याआधी सगळं जोडून व्हायला हवं, नाहीतर समुद्राच्या दमट हवेत उघडं क्रँकशाफ्ट गंजेल. तोवर त्यावर तेल फासून प्लास्टिक गुंडाळलंय. पुढच्या शनिवारी मी जाणार आहे. आत्याने डिपस्टिक पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे करून ठेवलेत.